रोजा, मधुमेह आणि पेशींचे निरोप

रमजानचे रोजे ज्या आयतींनी अनिवार्य ठरवले, त्याच आयतींनी (अल्-बकरा : १८३ ते १८५) आजारी माणसाला ते पुढे ढकलण्याची मुभाही दिली आहे. तरीही मधुमेहाचे अनेक रुग्ण ही सवलत घेणे कमीपणाचे मानतात. काही जण तर डॉक्टरांना न विचारता इन्सुलिन टोचून रोजा धरतात. यातील धोका कळण्यासाठी उपाशी शरीरात पेशी एकमेकींशी काय बोलतात, ते पाहू या.

पेशींना वाणी नाही. त्यांचे निरोप रसायनांतून जातात. जठरामागे असलेल्या स्वादुपिंडात पेशींची लहान लहान बेटे विखुरलेली आहेत. त्यांतील बीटा पेशी रक्तातील साखर सतत जोखत असतात. सहरीनंतर साखर वाढली की त्या इन्सुलिन सोडतात. हा निरोप रक्तातून सर्वत्र फिरतो, पण ज्या पेशीच्या आवरणावर त्याचा ग्राही असतो, तीच तो वाचू शकते. कुलपात किल्ली बसावी तसे इन्सुलिन ग्राहीवर बसते. मग स्नायूच्या पेशीतील वाहक प्रथिने पृष्ठभागावर येतात आणि साखर आत घेतात.

दुपार कलते तशी साखर उतरू लागते. बीटा पेशी जवळजवळ गप्प होतात आणि शेजारच्या अल्फा पेशी ग्लुकागॉन हा उलटा निरोप धाडतात. यकृत आपला साठा मोकळा करते. तो ओसरत गेला की चरबी अधिकाधिक वापरात येते. निरोगी माणसाचा रोजा या मूक देवघेवीवर पार पडतो.

टोचलेले इन्सुलिन या संवादाबाहेरचे आहे. सुईने दिलेला निरोप मागे घेता येत नाही. पोट रिकामे असले तरी तो पेशींना साखर ओढून घ्यायला सांगत राहतो आणि यकृताचा हातही धरून ठेवतो. मेंदू मुख्यतः साखरेवरच चालतो, म्हणून घाम आणि कापऱ्यापाठोपाठ गोंधळ उडतो, पुढे शुद्धही हरपते. काही गोळ्या बीटा पेशींना बळेच बोलायला लावतात. तेथेही धोका तोच. भीतीने इन्सुलिनच बंद केले तर साखर रक्तात तुंबते आणि पेशी उपाशी राहतात. १९२१ साली टोरांटोत इन्सुलिनचा शोध लागण्यापूर्वी कित्येक मुले याच अवस्थेत दगावत.

‘मी सडपातळ, मला कसला मधुमेह?’ हे आपल्या कृष्णाकाठी नेहमी ऐकू येते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत अभ्यास केला. तेथील बाळे वजनाने कमी, पण त्या मानाने अंगात चरबी अधिक, असे त्यांना आढळले. (आणि उसाच्या या पट्ट्यात गूळ निरुपद्रवी समजतात, तेही खरे नव्हे. गुळाचीही रक्तात साखरच होते.)

तेव्हा रमजानच्या दीड-दोन महिने आधी डॉक्टरांना भेटावे. औषधाची मात्रा आणि वेळ त्यांनीच ठरवावी. त्यांनी रोजा धरू नका म्हटले, तर धरू नये. बोटाला सुई टोचून साखर तपासल्याने रोजा तुटत नाही. आजच्या बहुतेक उलेमांच्या मते इन्सुलिनच्या इंजेक्शननेही तुटत नाही. साखर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली, तर रोजा तेथेच सोडावा, मग इफ्तारला दहा मिनिटे का उरली असेनात. त्यावर कफ्फारा नाही, फक्त कजा आहे. ती हिवाळ्यातील लहान दिवसांत करता येते. बरे होण्याची आशा नसेल आणि कजाही झेपणार नसेल, तर प्रत्येक रोजाबद्दल एका गरजूला अन्न देणे हा फिदया आहे. हनफी मताप्रमाणे दोन्ही वेळचे पोटभर जेवण द्यावे.