आधी छोटा कोर्स, मग एम.एस्सी.

अगं, पॅलिएटिव्हला जायचं म्हणतेस, बरं वाटलं. घरचे नाक मुरडतीलच: "बऱ्या होणाऱ्यांची सेवा कर, मरणाच्या दारात कशाला बसतेस?" वाद घालू नकोस. मात्र एम.एस्सी.ची घाईही नको. दोन वर्षं आणि फी घालवल्यावर हे काम झेपत नाही असं कळलं, तर काय करशील?

आधी छोटा कोर्स कर. तिरुवनंतपुरमला पॅलियम इंडियाचा खास नर्सेससाठी सहा आठवड्यांचा कोर्स आहे. कोळिकोडची इन्स्टिट्यूट ऑफ पॅलिएटिव्ह मेडिसिनही नर्सेसना शिकवते. कुठेही जा, पण आधी एकच विचार: होम केअरला किती दिवस नेतात? वर्गातल्या स्लाइडवर हे काम कळत नाही.

मॉर्फिनचंच घे. साधी गोळी दर चार तासांनी, हे पाठ होतं. पण सोबत पोट साफ होण्याचं औषध लिहिलंय ना, हे बघायला पेशंटच्या घरीच शिकतेस; नाहीतर कुंथून कुंथून कंटाळलेला माणूस गोळीच बंद करतो आणि आपण म्हणतो, मॉर्फिन लागू पडत नाही. गालाच्या कॅन्सरची वाहती जखम असते, वासाने नातवंडं खोलीत येत नाहीत. डॉक्टर मेट्रोनिडाझोलच्या गोळीची पूड जखमेवर टाकायला सांगतात. वास उतरला की पोरं परत खाटेवर चढतात. दुखणं नुसतं अंगाचं नसतं, मनाचं आणि घराचंही असतं, हे सिसिली सॉन्डर्स सांगायच्या. १९६७ साली लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस काढणाऱ्या या बाई डॉक्टर होण्याआधी आपल्यासारख्याच नर्स होत्या बरं!

सगळ्यात अवघड बोलणं. मुलगा दारातच हळू आवाजात म्हणेल, "सिस्टर, आईला कॅन्सर आहे हे सांगू नका हं." लगेच "बरं" म्हणू नकोस, उपदेशही नको. "सांगितलं तर काय होईल असं वाटतं?" एवढंच विचार आणि गप्प बस. तो बोलेल. मग आईंनी आपणहून विचारलं तर काय करायचं, ते दोघं मिळून ठरवा. हे गप्प बसणं कोणी अनुभवी सिस्टर शेजारी असतानाच अंगवळणी पडतं.

तिथून आल्यावरही ओढ टिकली, तर खुशाल एम.एस्सी. कर.

आणि हो, जाण्याआधी मेट्रन मॅडमकडून स्टडी लीव्हचं लेखी घे. तोंडी "बघू गं"च्या भरवशावर निघू नकोस.