लाल पाटी पाहावी

प्रश्न : मुलगा नोकरीसाठी टेक्ससला निघालाय. तिथे बारमध्येही पिस्तूल नेतात का? (एक वाचक, गंगाखेड)

उत्तर : टेक्ससमध्ये २०२१पासून २१ वर्षांवरील बहुतेकांना परवान्याविना पिस्तूल बाळगता येते. मात्र ज्यांचे ५१ टक्के वा जास्त उत्पन्न तिथेच प्यायल्या जाणाऱ्या दारूचे, त्या बारमध्ये ते नेणे गुन्हा आहे. दारावर लाल अक्षरांत '५१%' अशी पाटी असते. जेवणावर चालणाऱ्या हॉटेलांना हा नियम लागू नाही.

पाटी पुरेशी नाही.

२२ फेब्रुवारी २०१७ रोजी कॅन्ससमधल्या ओलेथ इथल्या बारमध्ये दोन भारतीय अभियंत्यांना एकाने वंशद्वेषी शिवीगाळ केली. त्याला बाहेर काढले, पण तो पिस्तूल घेऊन परतला. एक अभियंता गेला, दुसरा जखमी झाला. दोघांची काहीच चूक नव्हती. म्हणून चिडलेल्या माणसाला बाहेर काढल्यावर व्यवस्थापकाला पोलिसांना बोलवायला सांगावे, दाराजवळ बसू नये. आपत्कालीन क्रमांक ९११.