वास्तूचे राखणदार

मुलांनो, एखाद्या मोठ्या रुग्णालयात किंवा सरकारी कचेरीत गेल्यावर तुम्ही तेथील छताकडे कधी निरखून पाहिले आहे काय? पालथ्या बशीसारखी दिसणारी एक पांढरी डबी छताला चिकटलेली असते. तिच्यापासून काही हातांवर धातूची एक तोटी खाली डोकावते आणि त्या तोटीत तांबड्या द्रवाने भरलेली काचेची एक इवलीशी नळी बसविलेली असते. रोज शेकडो माणसे त्यांच्याखालून ये-जा करतात. पण मान वर करून पाहणारा विरळाच. ती डबी म्हणजे त्या वास्तूचे नाक होय, आणि ती तोटी म्हणजे तिचा हात.

डबीच्या आत अंधार असतो. त्या अंधारात एका बाजूने प्रकाशाचा बारीक किरण सोडलेला असतो. परंतु प्रकाश ओळखणारा तिचा डोळा त्या किरणाच्या वाटेत नसतो, तो बाजूला आडोशास बसविलेला असतो. हवा स्वच्छ आहे तोवर किरण सरळ निघून जातो व डोळ्यास काहीच दिसत नाही. धूर आत शिरला, की धुराचे कण तो प्रकाश चहूकडे विखरून टाकतात. कौलांतून आलेल्या कवडशात धुळीचे कण कसे चमकतात, ते तुम्ही पाहिलेच असेल. अगदी तसेच येथे घडते. विखुरलेला प्रकाश डोळ्यापर्यंत पोहोचतो आणि तत्क्षणी धोक्याची घंटा घणघणू लागते.

तोटीची रीत निराळी आहे. तिला धुराशी कर्तव्य नाही. ती उष्णता जाणते. तांबडी नळी सुमारे ६८ अंश सेल्सिअस उष्णतेला फुटते व तिने अडवून धरलेले पाणी आगीवर कोसळू लागते. चित्रपटांत दाखवितात त्याप्रमाणे सगळ्या तोट्या एकदम मात्र सुटत नाहीत. जेथे आग आहे, तेथल्याच नळ्या फुटतात. पिवळी नळी ७९ अंशांना व हिरवी ९३ अंशांना फुटते. नागपूरसारख्या शहरात हा रंग फार विचारपूर्वक निवडावा लागतो. येथे २३ मे २०१३ रोजी उन्हाचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता. तापलेल्या पत्र्याच्या छपराखाली तर याहूनही अधिक उकाडा होतो. तेथे चुकीच्या रंगाची नळी बसविली, तर आग नसतानाही ती फुटून खालच्या मालाची नासाडी होण्याची भीती असते.

हल्लीच्या मोठ्या इमारतींत अशी सर्व यंत्रे तारांनी एकमेकांशी जोडलेली असतात आणि त्यांच्या तारा एका खोलीत येऊन मिळतात. तेथील फलकावर कोणत्या मजल्यावर, कोणत्या दालनात धूर झाला, हे क्षणात उमटते. मग एकामागून एक कामे आपोआप होऊ लागतात. थंड हवेचे पंखे बंद पडतात, म्हणजे धूर एका दालनातून दुसऱ्या दालनात पसरत नाही. लिफ्ट तळमजल्यावर येऊन दारे उघडून उभ्या राहतात. ओळखपत्र दाखविल्यावाचून न उघडणाऱ्या दारांची कुलुपे सुटतात. नळांतील पाण्याचा दाब उतरला, की पंप सुरू होतो. आणि वीज गेली, तर डिझेलवर चालणारा दुसरा पंप त्याची जागा घेतो. अशा इमारतीला लोक 'हुशार इमारत' म्हणतात. नाव चटकदार खरे, पण ते थोडे फसवे आहे.

याचे कारण नागपूरच्याच एका घटनेत दिसून येईल. ३० मे २०२४ रोजी शहरातील एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश तापमान दाखविले. दुसऱ्या एका केंद्राने ५४ अंश दाखविले. देशात पूर्वी कधीही न नोंदविलेला हा आकडा! परंतु शहरातील उरलेल्या दोन स्वयंचलित केंद्रांवर पारा ४४ अंशांच्या आसपासच होता. हवामान खात्याच्या जाणकारांनी आकडे ताडून पाहिले आणि तापमान टिपणारी उपकरणे बिघडली असल्याचे जाहीर केले. यंत्राने आपले काम केले. त्याला जसे जाणवले तसे सांगितले. ते खोटे आहे, हे ओळखायला मात्र माणूस लागला.

इमारतीतही नेमके हेच घडते. भिंतींना रंग देताना धूळ जाऊ नये म्हणून कामगार छतावरच्या डब्या कागदाने झाकतात आणि काम संपल्यावर कागद काढण्यास विसरतात. फलक मात्र 'सर्व ठीक आहे' असेच दाखवीत राहतो. याच्या उलट, गणेशोत्सवात कोणी डबीखाली उदबत्तीचा पुडाच्या पुडा पेटविला, की घंटा वाजते व सारी कचेरी खाली धावते. असे दोन-चार वेळा झाले, म्हणजे वैतागलेला रखवालदार घंटेची कळच बंद करून टाकतो. माझ्या मते आगीइतकीच ही बंद केलेली कळ भयंकर आहे. जाणता व्यवस्थापक घंटेचा राग धरीत नाही. ती कोणत्या डबीने दिली, का दिली, हे तो शोधतो, वहीत नोंदवितो आणि जरूर तर त्या डबीची जागा बदलतो. डिझेलचा पंप तो ठरल्या दिवशी स्वतः सुरू करून पाहतो. टाकीत पाणी किती आहे, हे तो काट्यावरून तर वाचतोच, पण झाकण उघडूनही बघतो. जिन्यात कोणी जुनी कपाटे रचून ठेवली असतील, तर ती तो त्याच दिवशी हलवितो. कारण जिन्यातील कपाट दिसेल अशी डबी अजून तरी सामान्य इमारतींत बसविलेली नसते.

एवढी दक्षता कशासाठी, असे कोणी विचारील. नागपूरपासून सुमारे ६० किलोमीटरांवर भंडारा शहर आहे. ९ जानेवारी २०२१ रोजी, मध्यरात्र उलटून गेल्यावर, तेथील जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या अतिदक्षता कक्षाला आग लागली. कक्षात १७ बालके होती. प्रथम धूर दिसला, तो कामावर असलेल्या परिचारिकेला. तेथील कर्मचाऱ्यांनी व मदतीस धावून आलेल्यांनी जिवाची पर्वा न करता ७ बालकांना बाहेर काढले. १० बालके दगावली. त्यांतील बहुतेकांचा बळी घेतला तो ज्वाळांनी नव्हे, धुराने. आगीची वर्दी काही मिनिटे आधी मिळणे म्हणजे काय, हे त्या रात्रीने महाराष्ट्राला दाखविले.

महाराष्ट्रात आगीपासून बचावासाठी २००६ चा स्वतंत्र कायदा आहे. इमारतीतील अग्निशमनाची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला मालकाने किंवा भोगवटादाराने दर वर्षी जानेवारीत व जुलैत, असा दोनदा सादर करावा, असे तो सांगतो. दाखला देणारी संस्था परवानाधारक असावी लागते. पण दाखल्याचा कागद आणि चालू पंप या दोन भिन्न वस्तू आहेत, आणि त्यांतील फरक कळण्यासाठी शिक्षण लागते.

या शिक्षणाचे देशातील मोठे केंद्र नागपूरलाच आहे, ही गोष्ट खुद्द नागपूरच्या पुष्कळ मुलांना ठाऊक नसते. राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय १९५६ साली उत्तर प्रदेशातील रामपूर येथे सुरू झाले व १९५७ साली ते नागपूरला आले. केंद्रीय गृहमंत्रालयाच्या अखत्यारीतील या महाविद्यालयात निरनिराळ्या राज्यांतील अग्निशामक दलांचे अधिकारी शिकावयास येतात. १९७८ पासून तेथे अग्निशमन अभियांत्रिकीचा पदवी अभ्यासक्रमही आहे. शिडी चढणे, धुराने भरलेल्या खोलीतून माणूस उचलून आणणे, ही कसरत तेथे असतेच. परंतु इमारतीचा नकाशा वाचणे, बाहेर पडण्याच्या वाटा मोजणे, पाण्याचा दाब किती हवा याचे गणित करणे, हाही त्या विद्येचाच भाग आहे. येथून बाहेर पडलेल्यांपैकी काही जण पुढे मोठमोठ्या इमारतींच्या व कारखान्यांच्या सुरक्षिततेचे काम पाहतात.

आणि एकदा शिकून झाले, असेही या धंद्यात होत नाही. विजेवर चालणारी दुचाकी आता तुमच्यापैकी कोणाकोणाच्या घरी असेल. रात्री ती इमारतीच्या तळघरात भारित करण्यास लावून ठेवतात. तिच्यातील लिथियमच्या बॅटरीने पेट घेतला, तर ती विझल्यासारखी वाटून काही वेळाने, कधी काही तासांनी, पुन्हा भडकते. तिला भरपूर पाणी लागते आणि विझल्यावरही तिच्यावर पहारा ठेवावा लागतो. वीस वर्षांपूर्वी शिकून बाहेर पडलेल्या व्यवस्थापकाच्या पुस्तकात अशा दुचाकींचा धडा नव्हता. म्हणून केस पिकू लागलेली माणसेही वही-पेन्सिल घेऊन पुन्हा वर्गात येऊन बसतात, आणि परत गेल्यावर पहिल्यांदा आपल्या इमारतीच्या तळघरात उतरून गाड्या कोठे लावल्या आहेत, ते पाहतात.