मुक्त संगणक-प्रणाली : नवी आवृत्ती पारखावी कशी?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीचे सर्वसाधारण मोफत साहाय्य संपले. पुढील आवृत्तीसाठी यंत्रात टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय असावी लागते. ती नसल्याने अनेक धडधाकट संगणक निकामी ठरू लागले. धर्मादाय संस्थांच्या अभ्यासिकांतील संगणक बहुधा देणगीतून आलेले, म्हणजे जुनेच असतात. ते भंगारात गेले तर शिष्यवृत्तीचा अर्ज भरावयास येणाऱ्या गरीब मुलाने जावे कोठे? म्हणून मुक्त प्रणालीचा विचार करणे अगत्याचे आहे.

मुक्त म्हणजे केवळ फुकट नव्हे. ती वापरणे, तिची रचना अभ्यासणे, तीत बदल करणे व ती इतरांस देणे, ही चारही स्वातंत्र्ये जीत आहेत ती मुक्त. लिनस टॉरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने १९९१ साली लिनक्सचा गाभा प्रसिद्ध केला. त्यावर उभारलेल्या प्रणालींपैकी डेबियन ही १९९३ पासून स्वयंसेवकांनी चालविलेली. तिची तेरावी आवृत्ती ९ ऑगस्ट २०२५ रोजी निघाली. तिचेच उदाहरण आपण घेऊ.

प्रथम यंत्र पाहावे. या आवृत्तीने ३२-बिटी संगणकांवरील नव्या स्थापनेची सोय बंद केली आहे. म्हणून यंत्र ६४-बिटी हवे. स्मृती अल्प असल्यास एक्सएफसीई हा हलका पडदा निवडावा.

दुसरी पायरी पडताळणीची. उतरवून घेतलेल्या फाइलचा ‘शा-२५६’ पद्धतीने ६४ चिन्हांचा ठसा काढून डेबियनने दिलेल्या ठशाशी ताडावा. फाइलमधील एक अक्षर जरी बदलले तरी सारा ठसा बदलतो. मग ती रिकाम्या पेन ड्राइव्हवर चढवावी. त्यावरील पूर्वीचे सारे पुसले जाते, हे ध्यानी असावे.

तिसरी पायरी प्रत्यक्ष परीक्षेची. ‘लाइव्ह’ प्रत पेन ड्राइव्हवरूनच चालते. आपण स्थापनेची आज्ञा देत नाही तोवर ती यंत्रातील मजकुरास हात लावीत नाही. या अवस्थेत वायफाय, आवाज, छपाईयंत्र तपासावे. इनस्क्रिप्ट कळफलक लावून ‘ज्ञ’, ‘र्‍य’, ‘ळ’ लिहून पाहावे. उर्दूची ओळ उजवीकडून नीट उमटते की नाही, तेही पाहावे.

खरी मेख जुन्या कागदपत्रांत आहे. युनिकोड रुळण्यापूर्वी विशिष्ट फॉन्टांत टंकलेली इतिवृत्ते तो फॉन्ट नसेल तर रोमन अक्षरांच्या निरर्थक रांगा होऊन उघडतात. मजकूर नाहीसा झालेला नसतो; परंतु त्याची किल्ली त्या फॉन्टात असते. म्हणून स्थापनेपूर्वी असे कागद युनिकोडमध्ये उतरवून शब्दन्‌शब्द ताडावेत, व एक छापील प्रत ठेवावी.

शेवटी, सर्व मजकुराच्या दोन प्रती दोन ठिकाणी ठेवाव्यात व त्या दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहाव्यात. न उघडलेली प्रत ही प्रत नव्हेच. त्यानंतर एकाच संगणकावर स्थापना करून मुलांना महिनाभर वापरू द्यावा, त्यांच्या अडचणी वहीत टिपाव्यात व मगच उरलेल्यांस हात घालावा.

तात्पर्य, नवेपणास भुलू नये व त्यास भिऊही नये, पारखून घ्यावे. देणगीचे यंत्र आणखी काही वर्षे मुलांच्या उपयोगी पडले, तर ते दात्याच्या ऋणातून अंशतः उतराई होणेच होय.