छातीच्या स्कॅनमध्ये दिसणारे हृदय

सोलापूर हे यंत्रमाग व विडी कामगारांचे शहर. जुन्या खोकल्यासाठी छातीचे सी.टी. स्कॅन केले, की फुफ्फुसांबरोबर हृदयही चित्रात येते आणि बऱ्याचदा त्याच्या रोहिणीत कॅल्शियमचे पांढरे ठिपके आढळतात. ही रोहिणीकाठिण्याची खूण होय. छातीत दुखत नसेल, चालताना धाप लागत नसेल, तर डॉक्टर सहसा तातडीने अँजिओग्राफी सांगत नाहीत. रक्तदाब, साखर व कोलेस्टेरॉल तपासतात, तंबाखू सोडावयास लावतात, जोखमीनुसार स्टॅटिन गोळ्या देतात. अडचण निराळीच आहे. अहवाल इंग्रजीत असतो. फुफ्फुसे ठीक आहेत एवढे ऐकून रुग्ण कागदाची घडी घालतो आणि ती ओळ तशीच राहते. शिक्षकांनी वा पंचायत सदस्यांनी असा अहवाल वाचून दाखवावा व रुग्णास प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे.