स्कोपीच्या आदल्या रात्रीविषयी



एंडोस्कोपी विभागात तुझी नेमणूक झाल्याचं ताईकडून कळलं. फार बरं वाटलं. माझं सगळं आयुष्य या कामात गेलं, म्हणून एक गोष्ट मनापासून सांगते. मोठ्या आतड्याची तपासणी तू पेशंटला सूचना द्यायला बसतेस तिथूनच सुरू होते. आतडं नीट साफ झालं नाही तर कितीही निष्णात डॉक्टरांच्या नजरेतूनही उजव्या बाजूचे चपटे पॉलिप सुटतात, आणि त्यातलेच काही पुढे कॅन्सरकडे जातात.

आपल्याकडे छापील कागद हातात देऊन पुढच्या नंबरला हाक मारायची पद्धत आहे. तू तसं करू नकोस. कागदावर ‘हलका आहार’ लिहिलेलं असतं. आपल्या माणसांना हलकं म्हणजे भाकरी आणि पालेभाजी वाटते, आणि आदल्या दिवशी नेमकं तेच नको असतं. मऊ भात आणि गाळलेलं वरणाचं पाणी चालेल. मटकी, शेंगदाण्याची चटणी, तीळ, पेरू, वांगं, भेंडी नको, असं पदार्थांची नावं घेऊन सांग. नंतर फक्त पारदर्शक पातळ पदार्थ: कोरा चहा, नारळपाणी, गाळलेलं लिंबूपाणी. कोकम सरबत आवर्जून बंद करायला सांग, कारण तो लाल रंग आत रक्तासारखा दिसतो. पोट साफ व्हावं म्हणून रोज इसबगोल घेणारे पुष्कळ असतात, तेही थांबवायचं. लोहाच्या गोळ्या काही दिवस आधीच बंद व्हायला हव्यात.

आतडं साफ करायला दिलं जाणारं पॉलिइथिलीन ग्लायकॉलचं औषध 1980 च्या दशकात वापरात आलं. ते आतड्यात शोषलं जात नाही, म्हणून शरीरातलं पाणी आणि क्षार फारसे हलत नाहीत. पण चव खारट, मात्रा मोठी. थंड करून, दर दहा-पंधरा मिनिटांनी एक ग्लास प्यायला सांग. त्यात साखर घालायची नाही. मळमळलं तर अर्धा तास थांबून सावकाश पुढे जायचं. अर्धं औषध आदल्या संध्याकाळी, उरलेलं तपासणीआधी चार ते सहा तास, आणि शेवटचा घोट किमान दोन तास आधी संपलेला. शौचाला पिवळसर, स्वच्छ पाणी होईपर्यंत साफ झालं असं समजू नये. गढूळ असेल तर लपवू नका, आल्याआल्या सांगा, असं बजाव.

हा दुसरा डोस खेड्यातून येणाऱ्याची खरी अडचण आहे. पहाटेची एसटी पकडणारा माणूस तो घेणार कधी? वाटेत शौचाला जायचं कुठे? तो लाजून काही बोलत नाही, डोस टाळतो आणि तपासणी वाया जाते. मग पुन्हा उपास, पुन्हा भाडं, पुन्हा मजुरी बुडते. अशा पेशंटला दुपारची वेळ मागून दे, नाहीतर रात्री गावात कुणाकडे उतरता येईल का ते विचार. वयस्कर, एकटे राहणारे असतील तर सोबतीला माणूस हवाच. रात्रीच्या फेऱ्यांत चक्कर येऊन पडतात.

डायबेटिसची औषधं, इन्सुलिन, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या यांबद्दल स्वतः ठरवू नकोस, डॉक्टरांना विचार. किडनी किंवा हृदयाचा आजार असेल तर तेही आधी त्यांच्या कानावर घाल. आतडं साफ करायच्या फॉस्फेटच्या औषधाने काहींच्या किडनीला इजा झालेली आहे. आणि पोट फुगलंय, उलट्या होताहेत, वायूही सरत नाही, असं कुणी म्हणालं तर औषध देऊच नकोस, आधी डॉक्टरांना बोलाव. आतडं अडलेलं असताना ते साफ करायचं कुठलंही औषध जिवावर बेतू शकतं.

विभागात गर्दी असते, वेळ अपुरा पडतो, हे मला ठाऊक आहे. तरी कागद पुढे करण्याआधी प्रत्येकाला विचार: गाव कोणतं, घरी कोण आहे, कशाने येणार?

तुझी,
मावशी