रंग का टिकत नाही?



आजचं चिंतन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय 6, श्लोक 35. मन चंचल आहे, आवरायला कठीण आहे, हे भगवंत आधी मान्य करतात. मग उपाय दोनच सांगतात : अभ्यास आणि वैराग्य.

आषाढी वारीत माउलींच्या पालखीबरोबर पुणे ते सासवड चाललो. वाटलं, आता आपण रंगलो! चारच दिवसांनी बाबांनी यूपीआय कसं करायचं ते तिसऱ्यांदा विचारलं आणि मी त्यांच्यावर ओरडलो. तेव्हापासून ते मला विचारतच नाहीत. शेजारच्या मुलाला विचारतात.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मार्केट यार्डच्या फुलबाजारात न विकलेल्या झेंडूचे ढीग पडले होते. दोन पिशव्या भरून आणल्या. बाबांना एक उपरणं रंगवून द्यावं म्हटलं. निम्मी फुलं उकळली, पाणी गाळलं, त्यात कोरं सुती उपरणं बुडवलं. काय सुंदर पिवळं झालं! पहिल्याच धुण्यात सगळा रंग बादलीत.

सोसायटीतल्या एक काकू रंगकाम करतात. त्यांनी एकच विचारलं, "अरे, खळ काढली होतीस का?"

कोऱ्या कापडात खळ आणि तेलकटपणा असतो. तो धुण्याच्या सोड्यात उकळून काढावा लागतो. मग 100 ग्रॅम कापडाला 20 ग्रॅम हिरडा, नंतर 20 ग्रॅम तुरटी. सुती धागा तुरटीला नीट धरत नाही. हिरड्यातलं टॅनिन तिला धरतं आणि तुरटी रंगाला धरते. शेवटी तासभर मंद आचेवर रंग, आणि वाळवणं सावलीत. म्हणजे बहुतेक काम रंगाच्या आधीचंच!

इथे मला श्लोक कळला. खळ काढणं म्हणजे वैराग्य. 'मला सगळं येतं' ही माझी खळ. ती तशीच ठेवून मी वारीत बुडी मारली होती. आणि अभ्यास म्हणजे तुरटी. तुरटीच्या पाण्याला स्वतःचा रंग नसतो. रोजच्या पाच मिनिटांच्या जपालाही नसतो. काही भारी वाटत नाही, म्हणून आपण तो सोडतो. पण वारीचा रंग धरून ठेवणारा तोच.

नामदेवराय शिंपी कुळातले. गुरु ग्रंथ साहिबमध्ये त्यांची 61 पदं आहेत. त्यांतल्या एका पदात कापड रंगवता-शिवताना चाललेल्या नामाचं वर्णन आहे. काम थांबवून नाम नाही, कामातच नाम.

तेच उपरणं पुन्हा रंगवलं. धुतल्यावर रंग थोडा उतरला, पण राहिला. बाबांना दिलं, त्या दिवशीची माफी मागितली. ते म्हणाले, "बरं." एवढंच. आठवड्याने फोन पुढे करून म्हणाले, "हे जरा दाखव रे."

चौथ्यांदा दाखवलं. आवाज चढत होता, पण थांबलो.

आजचा अभ्यास : आपली खळ कोणती, ते एका ओळीत लिहा. मग पाच मिनिटं नाम. उद्याही तेवढंच.

राम कृष्ण हरी 🙏